विम्याचे रकाने आणि अधिकारसूत्र

विम्याचा अर्ज पूर्वीं कागदावर भरीत. आतां तो बहुधा संगणकावर भरावा लागतो. कागदावरील रकाना निमूटपणें लिहूं देत असे, संगणकांतील रकाना उलट प्रश्न करितो. वय अमुक असेल तर अमुक लिहा, तमुक राहिलें असेल तर पुढें जाऊं नका, असे शेंकडों नियम त्याच्या पाठीमागें बसविलेले असतात. ते कोठें ठेवावे हा प्रश्न कारागिराचा खरा. पण त्याची झळ संसारी माणसास लागते, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

आमच्या आप्तवर्गांतील एका विधुर गृहस्थांनीं आयुर्विमा उतरविला तेव्हां त्यांची एकुलती कन्या नऊ वर्षांची होती. तिला त्यांनीं नॉमिनी केलें, आणि ती अज्ञान म्हणून तिच्या वतीनें पैसे घेण्यास आपल्या मातोश्रींस नेमलें. १९३८ च्या विमा कायद्याच्या ३९ व्या कलमांत ही सोय आहे. मात्र ती नॉमिनीच्या अज्ञानपणापुरतीच. पुढें मातोश्री वारल्या, मुलगी वीस वर्षांची झाली, आणि मग गृहस्थही गेले. कंपनीच्या संगणकानें काय मागावें? मातोश्रींची सही! मुलीची कॉलेजची फी थकली, आणि कचेरींतील मनुष्य दर खेपेस पडद्याकडे बोट दाखवी. पैसे हातीं आले ते पांचव्या महिन्यांत.

आमचा पुतण्या असेंच सॉफ्टवेअर रचण्याचें काम करितो. त्यास आम्हीं हें सांगितलें. तो म्हणाला, "काका, नियम एकच, पण दोन ठिकाणीं लिहिला असावा. अर्जाच्या पानावर वय अर्जाच्या दिवशीं मोजायचें, तें बरोबर. क्लेमच्या पानावर तोच नियम तसाच उतरवून घेतला असेल. तेथें वय मृत्यूच्या दिवशींचें हवें." मग त्यानें आम्हांसच विचारलें, दोन नॉमिनी असतील तर हिश्शांची बेरीज शंभर टक्के व्हावी, हा नियम कोणत्या रकान्यास टांगाल? पहिल्यास टांगला तर दुसरा बदलतांच तो फसतो. म्हणून जन्मतारीख, नातें, हिस्सा, नेमलेला मनुष्य, यांचे नियम 'नामनिर्देशन' या एका मथळ्याखालीं ठेवावे, आणि प्रत्येक पानानें तेथेंच विचारावयास जावें.

आम्हांस पाणिनि आठवला. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं प्रत्ययाचा अधिकार एकदां सांगून त्यानें तो पांचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत चालविला. हजाराहून अधिक सूत्रांत तो शब्द पुन्हां लिहावा लागला नाहीं. "मग वयाचे सारे नियम एकत्र करा कीं," असें आम्ही उत्साहानें म्हणालों. पुतण्या हंसला. वय हप्त्याच्या दरांत येतें, वैद्यकीय तपासणींत येतें, नॉमिनींतही येतें. म्हणून त्या सर्वांस एकत्र बांधणें म्हणजे आडनांव एक म्हणून परक्यांस एका घरांत कोंडण्यासारखें. नियम कशासाठीं आहे तें पाहून कुटुंब ठरवावें. हें आम्हांस पटलें. पाणिनीच्या घरींही अधिकार रूपसाम्यावर नव्हे, कार्यावर चालतो.

परवां त्यानें स्वतःच्या कामांत अठरा वर्षांचा नियम शोधावयास घेतला. तो सात ठिकाणीं सांपडला असून त्यांपैकीं दोन एकमेकांशीं जुळत नाहींत. अजून शोध चालू आहे.