रक्तातली नोंद

सरकारी नोकरीतली माझी तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. एखादी वही तपासणीच्या आदल्या रात्री एकाच बैठकीत भरली आहे, हे मी पाने उलटताच ओळखतो. अशा माणसाने पन्नाशीनंतर स्वतःचीच फसवी वही लिहावी, यापरता विनोद कोणता?

कोलकात्याला बदली झाली त्याच वर्षी मला मधुमेह असल्याचे निदान झाले. जेथे पाहुण्यापुढे पाण्याच्या पेल्याबरोबर संदेश येतो, तेथेच हे व्हावे ही दैवाची थट्टाच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, भात कमी करून रोज अर्धा तास चालायला सांगितले आणि घरच्या यंत्रावर साखर मोजून आकडे वहीत लिहिण्यास बजावले. वहीचे नाव निघताच मला आपल्या मुलुखात आल्यासारखे वाटले.

आकडे मी लिहू लागलो. पण ते केव्हा लिहायचे, हे मीच ठरवीत असे. लग्नाच्या पंगतीनंतर यंत्र कपाटातच राही. रविवारी मिष्टी दोई झाली की सोमवारची सकाळ कोरी जाई. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी मात्र दोन-तीन दिवस भाकरी-भाजीवर राहून मी सुरेख आकडे जमवी : ११२, ११५, ११०. त्यांतला एकही आकडा खोटा नव्हता. खोट्या होत्या त्या मधल्या कोऱ्या ओळी. मुलीच्या शिक्षणासाठी पत्नी पुण्याला राहिली होती. ती रात्री फोनवर विचारी, तेव्हा तिलाही मी हेच आकडे वाचून दाखवी.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी एचबीएवनसी नावाची तपासणी करविली. आकडा आला ९.२. ते शांतपणे म्हणाले, ‘‘रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते. अशी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून या एका आकड्यात गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी उतरते. तो सातच्या आसपास आला पाहिजे.’’ मग माझी वही हळूच बाजूला सारून त्यांनी पुस्ती जोडली, ‘‘ही तुम्ही लिहिलीत, ती तुमच्या रक्ताने लिहिली.’’

त्यांच्या बोलण्यावर मला हसू आले नाही. मला वडील आठवले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ‘थोडीशी साखर आहे, एवढेच’ असे म्हणत त्यांनी कित्येक वर्षे काढली. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. चपलेचा खिळा टोचत राहिला तरी त्यांना कळले नाही. रक्तपुरवठाही मंदावलेला, त्यामुळे जखम भरेना. अखेर गुडघ्याखाली पाय कापावा लागला. मी तेव्हाही परप्रांतात होतो. मला कळविले ते पाय गेल्यावर. मुलगा दूर आहे, त्याच्या जिवाला घोर कशाला, म्हणून. त्या गोष्टीचा राग मी आजवर मनात धरून होतो, आणि नेमके तेच मी पुण्याला फोनवरून करीत होतो!

त्या रात्री मी पत्नीला खरा आकडा सांगितला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मामंजींनीही असेच केले होते.’’

हा रोग सहसा निरोप घेत नाही. त्याला सांभाळूनच राहावे लागते. आता जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी, ठरल्या दिवशी, मी साखर मोजतो. वाईट आकडा तर आवर्जून लिहितो. ढाकुरियाच्या तळ्याकाठी रोज फिरतो. निजण्यापूर्वी आरशात तळपाय पाहतो. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडे तपासून घेतो. मागच्या खेपेस आकडा ७.१ आला.

गेल्या पौषात कचेरीतल्या एका वृद्ध सहकाऱ्याने घरून नोलेन गुडाचा संदेश आणला. त्याचे मन मोडवेना. मी अर्धा घेतला. दोन तासांनी वहीत नोंद केली : ‘अर्धा संदेश. १८६.’ रात्री ती जशीच्या तशी वाचून दाखविली.

पलीकडून प्रश्न आला, ‘‘अहो, आणि उरलेला अर्धा कुठे गेला?’’

आमच्या घरात आता हिशेबतपासनीस दोन झाले आहेत.