तीन महिने लोटले

आषाढातल्या एका संध्याकाळी आमचे चिरंजीव घरी आले, ते दोन मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून. पटांगणात चिखल, चिखलात फुटबॉल आणि फुटबॉलमागे पंधरा-वीस पोरे, हे आमच्या कोल्हापुरात पावसाइतकेच ठरलेले. उजव्या घोट्याचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि वर बजावले, "सहा महिने मैदानाचे नाव काढायचे नाही."

ज्या गावात कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले, पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असला की शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलतात, त्या गावातल्या चौदा वर्षांच्या मुलाला ही शिक्षा काळ्या पाण्यापेक्षा कमी नव्हे. पोरगा भिंतीकडे तोंड करून पडून राही. आई शिरा करी. तो तसाच राही.

अखेर पुण्याच्या मामाला भाच्याची दया आली. त्याने आपले वापरलेले खेळाचे यंत्र आणि त्यावरचा फुटबॉलचा व्हिडिओ गेम पाठवून दिला. मामा हा प्राणीच असा, की लाड भाच्याचे करतो आणि ताप मेहुण्याला देतो.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका, एवढीच माझी विद्या. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या वाचणारे मला रस्त्यात ओळखत नाहीत आणि ओळखणारे त्या वाचत नाहीत. अशा माणसाने पडद्यावरच्या फुटबॉलकडे पाहून नाक मुरडावे, हे ओघानेच आले. पहिल्या दिवशी मी ते मुरडलेही. दुसऱ्या दिवशी मात्र खुर्ची ओढून शेजारी बसलो.

कारण चित्र विलक्षण होते! दुपारच्या सामन्यात छपराची सावली मैदानावर तिरपी पडलेली, पावसात सदरे अंगाला चिकटलेले. सावलीत अंग आणि उन्हात पाय असलेला एक खेळाडू मी पाहिला. तसा रंगवायला मला आठ दिवस लागले असते.

"बाबा, हे काहीच नाही," चिरंजीव म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. "आधी काय होतं, ते ऐका की."

मग मास्तरांचा मुलगा मास्तर झाला. 1993 साली हा खेळ प्रथम निघाला, तेव्हा मैदान वरून तिरके पाहिल्यासारखे दिसे आणि खेळाडू सोंगट्यांएवढे. 2011 साली खेळाडूंच्या टकरींचे गणित त्यात घातले. ते गणित कधीकधी असे चुके, की एकमेकांवर आदळलेले दोन शत्रू जिवलग मित्रांसारखे गळ्यात गळे घालून लोळत! 2014 साली बुटांचे ओरखडे गवतावर उमटू लागले आणि सामना संपेपर्यंत तसेच राहू लागले. 2015 साली बारा देशांचे महिला संघ आले. 2021 साली तर बावीस खेळाडूंना हालचाली टिपणारे पोशाख चढवून पुरा सामना खेळवला आणि त्यांच्या धावण्या-वळण्यावरून पडद्यावरची माणसे धावती केली. त्याच वर्षी आपली इंडियन सुपर लीगही त्यात आली. गोव्याचा आणि मुंबईचा संघ पडद्यावर दिसला. पुढे फिफाशी असलेला करार संपला आणि 2023 पासून खेळाचे नाव ईए स्पोर्ट्स एफसी झाले. 2025 साली तर खेळण्याच्या दोन तऱ्हाच वेगळ्या केल्या: एक इतरांशी चुरशीने खेळण्याची, चपळ; दुसरी एकट्याने खेळण्याची, अधिक संथ आणि खऱ्या सामन्याच्या जवळ जाणारी.

आमचे चिरंजीव ती दुसरी तऱ्हा खेळत. त्यात ते एका संघाचे व्यवस्थापक होते. घरातल्या खाटेवरून हलण्याची मनाई असलेला माणूस इंग्लंडातल्या पंचवीस जणांना हलवत होता.

"मग यात आता खोटे काय उरले?" मी विचारले.

"काय नाही," तो म्हणाला.

उत्तर मिळायला चार दिवस लागले. त्याच्या संघात एक सोळा वर्षांचा पोरगा होता. यंत्रानेच घडवलेला, जगात कोठेही नसलेला. चिरंजीवांनी त्याला हाताखाली वाढवले होते आणि सात नंबर दिला होता. आमच्या पटांगणात तो नंबर कोणाचा, हे सांगायला नकोच. त्या संध्याकाळी सात नंबर कोसळला. पडद्यावर अक्षरे उमटली: दुखापत, तीन महिने.

खोलीत सारे शांत झाले. मला काय बोलावे सुचेना.

"आता रे?"

"आता काय? तारखा पुढे ढकलायच्या. मधल्या मॅचेसचा निकाल तेच लावतं. बटण दाबलं की होतो हा बरा."

एवढे बोलून तो थांबला. त्याचा अंगठा बटणावर होता, नजर प्लास्टरवर. मग त्याने यंत्रच बंद केले आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

ज्यांनी गवतावरचा ओरखडा सोडला नाही, त्यांनी तीन महिने मात्र सोडून दिले होते. त्यांना तरी दोष कसा द्यावा? तीन महिने भिंत पाहण्याचा खेळ विकत कोण घेईल? मी हसणार होतो, तोच माझ्या अर्धवट कादंबरीची वही आठवली. तिच्यातला नायक आजारी पडतो आणि पुढचे प्रकरण सुरू होते: 'तीन महिने लोटले.' तीन शब्द आणि नायक टुणटुणीत! माझ्याही हाताशी तेच बटण होते. मी ते पंधरा वर्षे दाबत आलो होतो.

गणपतीच्या आधी प्लास्टर काढले. आतून निघालेला पाय पाहून मी चित्रकार असूनही नजर वळवली. डाव्याच्या निम्म्याने बारीक, पांढुरका, सोललेल्या कांद्यासारखा. हे कोणत्या कॅमेऱ्याने टिपले होते? पहिल्या दिवशी खाटेपासून खिडकीपर्यंत जायला माझा खांदा आणि पाऊण मिनिट लागले. दुसऱ्या दिवशी चार पावले खांद्याविना. तिसऱ्या दिवशी दोनच; घोटा सुजला होता. पुढे जाणे आणि मागे येणे यांचा हा हिशेब आम्ही भिंतीवर पेन्सिलीने मांडतो आहोत.

परवा सहज पाहिले, तर तो पुन्हा खेळत होता. सात नंबरच्या जागी दुसराच कोणी.

"तुझा तो बरा झाला नाही?"

"अजून पाच आठवडे आहेत." पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "तारखा ढकलल्या नाहीत मी. त्याच्याविना एकेक मॅच खेळतोय. हरतोय, पण खेळतोय."

मी काही बोललो नाही. आपल्या खोलीत आलो, वही उघडली आणि ते तीन शब्द खोडले. त्यांच्या जागी काय लिहावे, ते मात्र अजून सुचलेले नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा अंगणात किल्ला करायचा, असे आमचे ठरले आहे. माती मी आणणार आहे. बुरूज तो लिंपेल, स्टुलावर बसून.