तेलाचे चेंबर

आमच्या नागपुरातील एका स्नेह्यांची मालमोटार संत्री वाहते. ऐन आंबिया बहाराच्या तोडणीत तिचे इंजिन निकामी झाले व दुसऱ्या बनावटीचे बसवावे लागले. पेट्रोलच्या गाडीत पर्किन्सचे सहा सिलिंडरांचे 'पी-६' डिझेल इंजिन घालण्याचा प्रघात १९५० च्या सुमारास देशोदेशी होता. तेव्हाच्या मिस्त्रीलोकांसही इंजिनाच्या बुडाचे हे चेंबर छळीतच असावे. त्याचा खोल भाग पुढे हवा की मागे, हे गाडीच्या पुढच्या आसावर ठरते.

स्नेही म्हणाले, "आहे तेच ठोकून आत दाबा." मिस्त्रींनी साफ नकार दिला. तेल कमी मावेल, चढावर पंपाची नळी उघडी पडेल, आणि बेअरिंग जळतील! मग त्यांनी घरून कणीक मागविली. तिचा गोळा आसावर ठेवून, आस रबरी ठोकळ्यास टेकेपर्यंत जॅकने उचलला. पहिल्या चेंबराखाली कणकेचा पापड झाला. दुसऱ्याखाली ती बोटभर जाड राहिली. ह्या घरगुती मापाचे आम्हांस फार कौतुक वाटले.

दुसरे चेंबर महाग होते. तथापि स्नेह्यांनी ते, त्याच्याच खोलीची नळी व तेल पाहण्याची पट्टी यांसह, त्याच सायंकाळी विकत घेतले.