बायबलच्या पहिल्या पानावरचा मोकळा रकाना

नगर, रविवार रात्र

प्रिय पोरी,

काल फोन ठेवलास तेव्हा तुझा आवाज नेहमीचा नव्हता. बॉस्टनच्या त्या बायबल अभ्यासाच्या गटात एकीनं विचारलं, तुमच्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कुणाचा? आणि लगेच पुढचं, मग त्याच्या आधीचे सगळे आता कुठे असतील? तुझ्या या आत्याला तेव्हा काही सुचलं नाही. आज उपासनेहून आल्यावर तिनं कपाटातलं खापरपणजोबांचं बायबल खाली काढलं.

पहिलं पान पिवळं पडलंय, बोट लावलं की कडा भुरभुरतात. हातानं आखलेले चार रकाने आहेत: नाव, जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू. पहिल्या ओळीत खापरपणजोबा नाहीत, त्यांची आई आहे. नाव मोडीत. जन्माच्या रकान्यात ‘ठाऊक नाही’, मृत्यूच्या रकान्यात नुसतं साल. बाप्तिस्म्याचा रकाना मोकळा. फुली नाही, रेघ नाही. आपला बाप्तिस्मा लिहिण्याआधी त्या माणसानं आईला वरची ओळ दिली. तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न त्यालाही कुणीतरी विचारला असणार, नाहीतर त्यानं स्वतःच स्वतःला विचारला असणार.

प्रश्न फार जुना आहे. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो रस्त्यांतून पोरं गोळा करी आणि त्यांना धर्मशिक्षण देई. १५४९ मध्ये तो जपानला गेला. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी त्याला विचारलं, आमचे आईबाप, आजेपणजे नरकात असतील तर आमच्या प्रार्थनांनी, दानधर्मानं ते सुटतील का? झेवियरनं सांगितलं, नाही. १५५२ च्या जानेवारीत कोचीहून युरोपातल्या आपल्या बांधवांना लिहिलेल्या पत्रात त्यानं हे सगळं नोंदवलंय. ते लोक रडले आणि त्यांचं रडणं पाहून त्याच्याही जिवाला लागलं, हेसुद्धा त्यात आहे. शिकवण त्यानं सोडली नाही, पण दुःख झाकलंही नाही. पुढच्या वेळी गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये त्याच्या चांदीच्या पेटीसमोर उभी राहशील तेव्हा ते पत्र आठव.

आपल्याकडे ही गोष्ट गॉर्डन हॉलपासून सुरू होते. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचा हा तरुण १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, परत जायचे हुकूम सुटले, तरी तो आणि त्याचा सोबती चिकाटीनं राहिले. १८१८ मध्ये त्याची आणि सॅम्युएल न्यूवेलची एक पुस्तिका अमेरिकेत छापली गेली. जगातल्या ६० कोटी माणसांना ख्रिस्ताची ओळख नाही आणि ती करून देणं मंडळ्यांचं कर्तव्य आहे, हा तिचा विषय. आकडेमोड करून लिहिलेलं ते कळवळ्याचं लेखन आहे. सुवार्ता न ऐकता मेलेला माणूस कायमचा हरवला, असं त्या पिढीला मनापासून वाटे, म्हणून एक दिवस वाया घालवणंही तिला पाप वाटे.

१८२६ मध्ये हॉल नाशिककडे गेला तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यानं आजाऱ्यांना वाटली. परतीच्या वाटेवर एका देवळाच्या ओसरीत त्यालाच पटकीनं गाठलं आणि २० मार्चला तो तिथेच गेला. त्याच्या मिशनचा संपूर्ण मराठी नवा करार आला तोही त्याच वर्षी. हॉलचं देवज्ञान आत्याला पूर्ण पटत नाही. पण त्या ओसरीसमोर ती मान खाली घालते.

आता ‘नरक’ या शब्दाचं बघ. आपल्या मराठी बायबलात दोन शब्द आहेत, अधोलोक आणि नरक. अधोलोक म्हणजे मेलेल्यांचं स्थान, हिब्रूत शिओल. नरक हा शब्द आला गेहेन्नासाठी. गेहेन्ना म्हणजे यरुशलेमच्या वेशीबाहेरचं हिन्नोमचं खोरं, जिथे एके काळी पोटची पोरं आगीत होमली जात. येशूच्या ऐकणाऱ्यांना हे नाव घेताच ती जागा डोळ्यांसमोर येई. मराठी माणसाला मात्र नरक म्हटलं की पुराणातला नरक आठवे. भागवतात असे २८ नरक मोजलेत, आणि पापाचा भोग संपला की जीव तिथून सुटतो. बाजारात उभा राहून पाद्री ज्या नरकाबद्दल सांगे त्याला दार नव्हतं, ऐकणाऱ्याच्या नरकाला होतं. शब्द एकच, पण दोघांच्या मनात दोन वेगळ्या जागा.

हा गुंता ज्याला आतून कळला तो रॉबर्ट ॲलन ह्यूम. आपल्या ह्यूम चर्चवरून जाताना लहानपणी तू हे नाव अडखळत वाचायचीस. १८४७ मध्ये भायखळ्यात जन्मला, मिशनऱ्याचाच मुलगा. १८५४ मध्ये वडील मायदेशी जाताना जहाजावरच वारले, आई मुलांना घेऊन अमेरिकेत गेली. येलमध्ये शिकून, मग अँडोव्हरच्या सेमिनरीतून पाळकपणाचं शिक्षण घेऊन तो १८७४ मध्ये नगरला आला आणि १८७८ मध्ये त्यानं इथे देवज्ञानाची शाळा सुरू केली.

त्याच सुमारास अँडोव्हरमध्ये काही प्राध्यापक एक वेगळी आशा मांडू लागले होते. ज्यानं जिवंतपणी ख्रिस्ताबद्दल ऐकलंच नाही, त्याला मरणानंतर, अंतिम न्यायाआधी, ख्रिस्त भेटणार नाही असं कशावरून? पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्तानं बंदिवासातल्या आत्म्यांना घोषणा केल्याचं आहेच. आणि ख्रिस्त अधोलोकात उतरला हे विश्वासांगीकारात आपण उभे राहून म्हणतोच की! नरक नाही, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ज्याच्यापर्यंत हाकच पोचली नाही त्याला ओ दिली नाही म्हणून शिक्षा कशी, एवढंच ते विचारत होते.

१८८६ मध्ये रजेवर असताना ह्यूमनं या आशेची उघड बाजू घेतली. हिंदुस्थानात पूर्वजांना मान आहे. तुझे सगळे वाडवडील आगीत आहेत हे सुवार्तेचं पहिलं वाक्य होऊ शकत नाही, हे तो अनुभवानं जाणत होता. बोर्डात खळबळ उडाली. ऑक्टोबरात आयोवातल्या डे मॉइनच्या सभेत यावर मोठा वाद झाला. विरोधकांचं म्हणणं साधं होतं: मेल्यावरही संधी असेल तर इतक्या दूर जीव धोक्यात घालून जाईल कोण? मिशनची शीरच तुटेल. ह्यूमचं नगरला परतणं रोखून धरलं गेलं. १८८७ मध्ये अखेर वाट मोकळी झाली.

आणि तो आला! बोर्डाच्या भीतीला याहून चांगलं उत्तर कुणी दिलं असतं असं आत्याला वाटत नाही. ती आशा मनात धरलेला माणूस परत इथेच आला आणि सगळी मिळून सुमारे ५० वर्षं त्यानं या जिल्ह्यात काढली. १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यानं अनाथ पोरं सांभाळली, भुकेल्यांना काम मिळवून दिलं. नरकाच्या धाकानं आलेला असता तर तो धाक सैल झाल्यावर अमेरिकेतच राहिला असता. ज्यावर आपलं प्रेम आहे त्याबद्दल माणूस सांगतोच, त्याला मागून आगीचा चटका लागत नाही.

टिळकांचं तर तुला पाठच आहे. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले. नरकाचा इशारा त्या प्रवचनातही आहे, तो काही कुणी खोडून टाकलेला नाही. पण त्यांना धरून ठेवलं ते वैऱ्यावर प्रीती करायला सांगणाऱ्यानं.

कॅथलिक मंडळींनीही १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, हे शब्दांत मांडलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे खऱ्या मनानं देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. सुवार्ता सांगायची आज्ञा त्याच दस्तऐवजात आहे.

तुझ्या मैत्रिणीवर रागावू नकोस. तिच्या प्रश्नामागे हॉलची तळमळ आहे, फक्त विचारायची रीत कच्ची. अँडोव्हर तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे. सेमिनरी तिथून केव्हाच हलली, पण तिच्या जुन्या इमारती आता एका शाळेच्या आवारात उभ्या आहेत. एखाद्या शनिवारी तिलाही घेऊन जा आणि ह्यूमची गोष्ट तिथे, त्या इमारतींसमोर सांग.

पानाचा फोटो सोबत पाठवतेय. सगळ्यात खाली तुझी ओळ आहे: नाव, जन्म, बाप्तिस्मा, तुझ्या बाबांच्या अक्षरात. तिच्या वर आत्याची. पहिली ओळ ओळखायला वेळ लागेल, मोडीतला ‘आई’ हा शब्द आधी शोध. डिसेंबरात आलीस की दोघी मिळून त्याची नीट नक्कल काढू, कागद आणखी फार दिवस टिकेल असं दिसत नाही. येताना चांगली शाई आण.

तुझी आत्या