घट, मुकुट आणि गिटार

अकोल्याच्या जुन्या शहरातील एका घरात माळ्यावर नऊ वर्षे एक गिटार पडून होती. प्लायवुडचे पोट, पिवळट पडलेले रोगण. कोलकात्याच्या कारखान्यांतून हजारोंनी निघालेल्या स्वस्त गिटारींपैकी ती एक. घरातील धाकट्या भावाने पहिल्या पगारातून ती घेतली होती. दशलक्षण पर्वात संध्याकाळची आरती आटोपली की मंदिराच्या सभामंडपात पेटी आणि ढोलकीच्या जोडीला तो ही गिटार घेऊन बसे. प्रारंभी वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. पुढे त्याच्यावाचून भक्तीला रंग भरेना. तो अकाली गेला तेव्हा मोठ्या बहिणीने गिटार जुन्या चादरीत गुंडाळून वर ठेवून दिली.

त्या बहिणीची भाची अमरावतीला असते. लहानपणी सुट्टीत अकोल्याला आली की काका तिला मांडीशी बसवी आणि तिची इवली बोटे आपल्या बोटांनी तारांवर दाबून धरी. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा तिने ती गिटार खाली काढली, नव्या तारा चढवल्या आणि निराश होऊन ठेवून दिली. तारा दाबताना बोटे सोलून निघत होती आणि दाबूनही सूर जागेवर येत नव्हता.

दोष गिटारच्या मानेत होता. पोलादी सहा तारा सुरात ओढल्या की मानेवर सुमारे ७० किलोचा ताण पडतो. महागड्या गिटारच्या मानेत हा ताण तोलणारी सळई असते. या गिटारीत ती नव्हती. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, लाकूड वाळून आकसते, आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा फुगते. अशा कित्येक उन्हाळ्या-पावसाळ्यांनी मान धनुष्यासारखी वाकली होती. पहिल्या तीन फ्रेटचे धातू झिजून सपाट झाले होते आणि त्यांच्यामधल्या लाकडात बोटांच्या टोकांनी लहान लहान खळगे पाडले होते.

पेटी-तबल्याची दुरुस्ती करणाऱ्या अकोल्यातील एका कारागिराने गिटार डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली. सतारीची असो वा गिटारची, मानेला तो दांडीच म्हणत असे. "काकू, फ्रेट बदलून काही होत नाही जी. दांडीच वाकली. नवीन बसवा लागते."

आत्याने गिटार त्याच्या हातातून परत घेतली. "बदलाले काय लागते बापा? पण त्याची बोटं हाइत तिथं."

भाची वाद घालत बसली नाही. ते खळगे तिनेही पाहिले होते. मागे राहिलेल्या छायाचित्रांत काकाचा चेहरा होता. त्याचा हात मात्र एवढ्या लाकडावरच उरला होता. गिटार पुन्हा चादरीत गेली.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. मंदिरात स्वाध्यायाला तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय होता. जे आहे ते उपजते, नष्ट होते आणि तरीही टिकून राहते. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकाच वेळी ज्यात असतात तेच सत्, असे उमास्वामींनी म्हटले आहे. हे समजावताना पंडितजींनी आचार्य समंतभद्रांच्या 'आप्तमीमांसे'तील दृष्टांत सांगितला. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला. ज्याला घट हवा होता तो दुःखी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदला आणि ज्याला सोनेच हवे होते तो मध्यस्थ राहिला. घटना एकच, तिघांची मने मात्र तीन ठिकाणी होती, आणि तिघांच्याही भावनेला कारण होते.

दृष्टांत आत्याने पूर्वी अनेकदा ऐकला होता. त्या दिवशी तो तिच्या घरातून सांगितल्यासारखा वाटला. घट हवा असलेली ती स्वतः होती, मुकुट हवा असलेली भाची. प्रश्न एवढाच उरला की इथे सोने कोणते? पर्व संपल्यावर तिने अमरावतीला फोन करून भाचीला बोलावून घेतले. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गे अकोला सुमारे ८० किलोमीटर. रविवारी सकाळीच ती पोहोचली.

दांडीसाठी लाकूड घरातच निघाले. मागची पडकी खोली उतरवली तेव्हाची सागवानी चौकट अंगणात उभी करून ठेवलेली होती. इतकी वर्षे वाळलेला साग आता वाकणार नाही, आणि त्यासाठी नवे झाड तोडावे लागणार नाही, हे दोन्ही आत्याला पटले. कारागिराने चौकटीचा सरळ रेषांचा तुकडा निवडला आणि मधोमध खाच करून तीत पोलादी पट्टी बसवली.

मग प्रश्न आला चिकटवण्याचा. वरची फळी सरसाने बसवू, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. सरसाचा सांधा ऊब आणि ओल देऊन पुन्हा उकलता येतो, म्हणून वाद्यकारागीर त्याला मानतात. पण सरस जनावरांची कातडी आणि हाडे उकळून करतात. आत्याने नको म्हटले. १९५९ साली आलेल्या फेव्हिकॉलने सुतारांच्या हातून सरसाचे भांडे बहुतेक सोडवले आहेच. साग तेलकट असल्याने कारागिराने तो ताजा घासला, स्पिरिटने पुसला आणि मग फळी दाबून ठेवली. डोक्याशी तारा ज्या खाचांतून उतरतात ती पट्टी तो हाडाची करणार होता. तिच्या जागी पितळेची झाली. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीची घोडी पूर्वी हरणाच्या शिंगाची करत, आणि आज तिलाही पर्याय वापरले जातात. परंपरा टिकवायची म्हणजे प्रत्येक जिन्नस टिकवायचाच असे नाही.

फ्रेटच्या जागा भाचीने आखल्या. तारेची लांबी ६५० मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागले की पहिल्या फ्रेटचे अंतर मिळते, ३६.५ मिलिमीटर, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागायचे, असे करीत पुढे जायचे. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२५ वर आला पाहिजे. तो आला तेव्हा कारागीर खूश होऊन म्हणाला, "पोरीचा हिशेब पक्का हाय." जुन्या दांडीच्या खुंट्या त्याने तेलपाणी करून नव्या दांडीवर चढवल्या, आणि धडाशी बोल्टने सांधा आवळला.

काढलेली दांडी कागदात गुंडाळून त्याने आत्याच्या हाती दिली. घरी येऊन तिने त्या खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि ती कपाटात ठेवली. टाकून देण्याइतके वैराग्य तिला आलेले नाही, आणि तसा आव तिने आणलाही नाही.

पुढच्या दशलक्षण पर्वात आकिंचन्याच्या संध्याकाळी भाची सभामंडपात गिटार घेऊन बसली. नव्या दांडीवर बोटे हलकी पडत होती. काका नेहमी वाजवी तेच स्तवन तिने घेतले. दुसऱ्या कडव्याच्या वळणावर ती क्षणभर थांबली आणि मग पुढच्या सुरावर गेली. तालाच्या हिशेबाने ती अर्ध्या मात्रेची चूकच होती. ढोलकीवाला गोंधळला. बायकांमध्ये बसलेली आत्या मात्र शेजारणीला हळूच म्हणाली, "तिथं तोही असाच थांबे."

भाचीला कोणी तिथे थांबायला शिकवले नव्हते. लहानपणी तिची बोटे ज्या बोटांखाली होती, ती तिथे थांबत असत, एवढेच. त्या रात्री घरी आल्यावर आत्याने कपाट उघडून पाहिले नाही.