मोटर निवडताना माझाच हिशेब चुकला

पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही शारजात. दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे सांगलीत नऊ वाजता, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. मी स्वयंपाक करत असते आणि त्यांना कढईत बघायचं असतं. माझा तेरा वर्षांचा मुलगा आजीशी "बरा आहे" एवढंच बोलून पळायचा.

त्यानेच ठरवलं, फोनसाठी रिमोटवर फिरणारा स्टँड करायचा. मोटर मी निवडली. सीए ना मी! सगळ्यात स्वस्त ती घेतली, एसजी-९० सर्व्हो, वजन ९ ग्रॅम. ठरावीक कोनात जाऊन थांबते, अर्धा गोल फिरते. स्वयंपाकघराला तेवढं पुरे.

फोन लावला तर मान टाकली तिने. थरथरायला लागली, गरमही झाली.

मी म्हटलं, "मोठी मागवू." एमजी-९९६आर बघून ठेवली, जोर जवळपास पाचपट. चिरंजीव म्हणाले, "थांब आई, कॅल्क्युलेट करू." फोन आणि होल्डर मिळून पाव किलो, कण्यापासून ८ सेंटीमीटर लांब. म्हणजे भार २ किलो-सेंटीमीटर. मोटरचा जास्तीत जास्त जोर १.८, आणि तोही ती अडकून थांबेल तेव्हाचा. रोजच्या कामाला त्याच्या निम्म्याखालीच राहावं.

मी किंमत बघितली होती, भार विचारलाच नव्हता. ऑफिसात असं कोणी केलं असतं तर मी फाइल परत पाठवली असती.

त्याने होल्डर कापून फोन कण्याजवळ आणला, २ सेंटीमीटरवर. भार उरला अर्धा किलो-सेंटीमीटर. डावी-उजवीकडे वळवणाऱ्या दुसऱ्या मोटरवर वजन येऊ नये म्हणून खाली बेअरिंगची फिरती थाळी बसवली. मोटरना वीज वेगळ्या अडॅप्टरने दिली. मोठी मोटर घ्यावीच लागली नाही.

गेल्या शनिवारी सासूबाईंचा हुकूम सुटला, "जरा डावीकडं घे रे. आता खाली. फोडणी करपली बघ!"

आणि रिमोट हातात धरून हा विचारतो, "आजी, अजून वळवू का? दिसतंय का नीट?"

चाळीस मिनिटं चाललं होतं त्यांचं. फोडणी मात्र खरंच करपली होती.

तुमच्याकडची मुलं आजी-आजोबांशी मराठीत कशामुळे बोलायला लागली? कमेंटमध्ये नक्की सांगा.