छज्ज्याखालची खाच

आर्किटेक्चरला नंबर लागला नाही, म्हणून सिव्हिलला आलो. तो सल होताच. लायब्ररीत 'डीटेल'चे जुने अंक सापडले. १९६१ साली म्युनिकमध्ये सुरू झालेलं मासिक. जर्मनचा गंध नाही, पण ड्रॉइंग्ज वाचता येतात ना! बाकीच्या मासिकांत चकचकीत फोटो, इथे मात्र खिडकीची चौकटसुद्धा उभी कापून दाखवलेली. एका सेक्शनमध्ये छज्ज्याखाली, कडेजवळ बारीकशी खाच होती. पाणी भिंतीकडे सरकू नये, तिथेच टपकावं म्हणून.

आबा गवंडी आहेत. फोनवर सांगितलं तर हसले, "आरं, ती आम्ही सळी दाबून काढतो. तुला आत्ता कळलं व्हय?"

रूमवर येऊन आधी खिडकीबाहेर डोकं काढलं. आमच्या छज्ज्याला खाचच नाही. तरीच दर पावसाळ्यात माझी गादी ओली!